मंगळवार चालू आहे

आमच्याकडे मंगळवार कधीही यायचा. कधी गुरुवारी, कधी शनिवारी; एकदा तर एकाच दिवसात तीनदा आला. “मंगळवार लाव रे,” असं मी म्हणायचे आणि सेकंद लावायचा.

सेकंद हा माझा भागीदार. “एक सेकंद हं ताई,” असं म्हणून अर्धा-अर्धा तास गायब व्हायचा, म्हणून कॉलेजातच त्याचं हे नाव पडलं. मी तिथे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं सहायक होते, आणि या पठ्ठ्याने माझ्या डोळ्यांदेखत दोन ट्रान्सफॉर्मर जाळले होते. पुढे तोच एक दिवस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ताई, नोकरी सोडा, आपण कंपनी काढू. मी पन्नाशीला टेकलेली बाई. तरी सोडली. डोकं फिरलं की फिरलं.

तसं आमच्या गावात सगळ्यांचंच फिरलं होतं. गाव एवढंसं. मधोमध कॉलेज, भोवती विद्यार्थ्यांना खोल्या देणारी घरं, वह्या-पुस्तकांची दुकानं, दोन दवाखाने आणि एक मोठं इस्पितळ. गेल्या काही वर्षांत इथे स्टार्टअपची साथ आली. पूर्वी पोरं कविता करायची, आता कंपन्या काढतात, आणि टिकणाऱ्या दोन्हींत सारख्याच. कॉलेजने आपली जुनी सुतारकामाची कार्यशाळा या कंपन्यांना दिली आणि तिला इनक्युबेटर म्हणायला सुरुवात केली. इनक्युबेटर म्हणजे अंडी उबवायची पेटी. छतातून अजून भुसा पडतो. आम्ही अकरा कंपन्या तिथे एका लांबच्या लांब टेबलावर बसतो, एकमेकांचे चार्जर वापरतो आणि एकमेकांच्या कल्पनांना मनातल्या मनात नावं ठेवतो.

आमची कल्पना साधी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात चार लहान डब्या बसवायच्या: दाराशी, स्वयंपाकघरात, पलंगाजवळ आणि बाथरूममध्ये. कॅमेरा नाही, डबीला फक्त हालचाल कळते, स्वयंपाकघरातलीला गॅसची आचही. माणूस बाथरूममध्ये पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त राहिला, की आमच्या स्क्रीनवरचा त्या घराचा हिरवा चौकोन लाल होतो आणि आमचे फोन कोकलायला लागतात. मग आम्ही त्या घरी फोन करतो, कुणी उचलला नाही तर धावत सुटतो. गावातली चाळीस घरं आमच्यावर विसंबून होती. पहिलं घर माझ्या बाबांचं.

बाबांनी सगळा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली. ऐंशीव्या वर्षीसुद्धा औषधाच्या वेष्टनावरची चूक त्यांना औषधाआधी दिसते. डब्या बसवून घेतल्या त्या केवळ माझ्यासाठी. संध्याकाळी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, “काय इन्स्पेक्टरबाई, आज किती वेळा उठलो मी?” आमचं पत्रक मी त्यांना तपासायला दिलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: तुम्ही निवांत राहा, आम्ही बघतोय. बाबांनी लाल पेन्सिलीने ‘आम्ही’वर काट मारली.

“आम्ही म्हणजे नेमकं कोण?” ते म्हणाले. “‘मी बघतेय’ असं लिही. मग बघशील.”

मी हसले आणि पत्रक होतं तसंच छापायला पाठवलं.

बाबांच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. आई गेल्यापासून त्या दोघांचं एक ठरलेलं होतं. सकाळी आठला काकू भिंतीवर दोनदा वाजवायच्या, बाबा इकडून दोनदा वाजवायचे. उत्तर आलं नाही तर काकू किल्ली घेऊन यायच्या. सहा वर्षांत तशा दोनदा आल्या, आणि दोन्ही वेळा बाबा रेडिओच्या नादात होते. डब्या बसवल्या त्या दिवशी मीच काकूंना जाऊन सांगितलं, “काकू, आता तुम्ही मोकळ्या. यापुढे मशीन बघेल.” काकूंचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, जबाबदारी सुटल्याचा आनंद चारचौघांत दाखवता येत नसेल. असं माझं माणसं ओळखणं.

आता मंगळवारचं सांगते. खरं घर दाखवण्यासारखं नसतं. म्हातारी माणसं तासन्‌तास खुर्चीत बसून असतात, स्क्रीनवर काही म्हणजे काही घडत नाही. पहिल्या डेमोला पाहुण्यांनी वीस मिनिटं चाळीस हिरवे चौकोन बघितले आणि त्यातला एकजण चक्क घोरायला लागला. दुसऱ्या डेमोला कुणाचं तरी मांजर डबीवर चढलं, चौकोन लाल झाला, आमचे फोन कोकलले, आणि सेकंद पाहुण्यांना मांजराची माहिती देत बसला. मग मीच वैतागून म्हटलं, “एक चांगला दिवस शोध आणि तोच दाखव. आणि डेमो चालू असताना एकही फोन वाजता कामा नये.”

त्याला एक मंगळवार सापडला. त्या दिवशी सगळ्या गावाच्या अंगात आलं होतं: दारं उघडत होती, पाहुणे येत होते, एका आजोबांनी गॅस चालू ठेवला होता आणि आम्ही तो वेळेत पकडला होता. सेकंदने तो अख्खा दिवस साठवून ठेवला. बटण दाबलं की स्क्रीनवर आणि आमच्या फोनवरही घड्याळ आजचं आणि हालचाल मंगळवारची. आत्ता सकाळचे दहा वाजले असतील तर चाळीस घरांत मंगळवारचे दहा दिसायचे. खऱ्या घरांतल्या खबरा आत कुठेतरी जमा होत राहायच्या, पण काही लाल व्हायचं नाही, कुणाचा फोन वाजायचा नाही. म्हणून नियम केला होता की मंगळवार फक्त दहा मिनिटं लावायचा, आणि लावणाऱ्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात निळी चिकटपट्टी लावायची. मंगळवार काढला की पट्टी काढायची. एवढं साधं होतं ते.

त्या गुरुवारी कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्या कंपन्यांचे डेमो होते. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टर येणार होत्या. त्यांना आमचं काम पटलं असतं तर त्यांच्या इस्पितळातून घरी सोडलेल्या तीनशे म्हाताऱ्यांकडे आमच्या डब्या लागल्या असत्या. नाही पटलं, तर महिनाअखेर टेबलावरची आमची जागा रिकामी करायची, असं इनक्युबेटर चालवणाऱ्या सरांनी आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. सर वाईट नाहीत. त्यांना गोड बोलता येत नाही, इतकंच.

सव्वानऊला आम्ही कार्यशाळेत सराव केला. सेकंदने मंगळवार लावला, स्क्रीनच्या कोपऱ्यात पट्टी लावली, भाषण पाठ म्हणून दाखवलं. तेवढ्यात हॉलमधून निरोप आला की आमची वायर तिथल्या पडद्याला बसत नाही. मी तरातरा गेले. तिथला वायरमन शिडीवर उभा राहून मला शिकवायला लागला, आणि एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला कुणी वायर शिकवली की काय होतं ते झालं. मी तावातावाने बोलत असताना सेकंद लॅपटॉप घेऊन मागे येऊन उभा राहिला.

“ताई, काढू का?” त्याने विचारलं.

“थांब जरा!” मी त्याच्याकडे न बघताच म्हटलं.

तो थांबला. पट्टी लावलेला मोठा स्क्रीन कार्यशाळेत राहिला आणि आम्ही हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

दहा वाजता मी सवयीने फोनवर पहिलं घर उघडलं. बाबा नऊ चाळीसला बाथरूममध्ये गेले होते आणि अकरा मिनिटांनी बाहेर आले होते. पलंग, मग स्वयंपाकघर. सगळं हिरवं. मला आत कुठेतरी बरं वाटलं. आंघोळ झाली की बाबांचा दिवस रुळावर लागतो, आणि मग माझाही लागतो.

मोठ्या डॉक्टर साडेदहाला आल्या. साठीच्या, बारीक केस, पायात धावायचे बूट. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू द्यायचं नाही अशी शपथ घेतल्यासारख्या बसल्या. आमच्याआधी तीन कंपन्या झाल्या. एक पोरगा बोलता बोलता अडखळला तेव्हा त्यांनी घड्याळात बघितलं आणि सेकंदच्या हाताला घाम सुटला. त्याने तो माझ्या ओढणीला पुसला.

अकरा वाजून बारा मिनिटांनी माझ्या फोनवर अक्षरं आली: पहिलं घर, दार उघडलं, कुणीतरी आत. मला वाटलं काकू असतील. चांगलं झालं, बाबांना सोबत होईल.

अकरा पंधराला आमचं नाव पुकारलं. सेकंद वर गेला, लॅपटॉप लावला, वायर बसली. मोठ्या पडद्यावर चाळीस हिरवे चौकोन उमटले. सेकंदने घसा साफ केला आणि बरं बोलायला लागला. मी ओठ हलवत त्याच्याबरोबर त्याचं भाषण म्हणत होते. पोरगा चुकत नव्हता. मोठ्या डॉक्टर पुढे झुकल्या होत्या. मी सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली. मला पहिल्यांदाच वाटलं, जमलं आपल्याला.

तेव्हा माझ्या हातातला फोन थरथरला. पहिलं घर, बाथरूम: बॅटरी नवीन घातली.

मी ते दोनदा वाचलं. बाथरूमच्या डबीचं झाकण उघडायला एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर लागतो. तो माझ्या पर्समध्ये असतो. दुसरा नाही. काकूंना तर डबीला हात लावायचीही भीती वाटते. त्या घरात बॅटरी बदलणारं एकच माणूस आहे, आणि ते इथे, पहिल्या रांगेत, फोन हातात घेऊन बसलं होतं.

मग मला आठवलं. त्या मंगळवारी मीच गेले होते बाबांकडे. बॅटरी बदलायला. अकराच्या सुमाराला.

दार उघडून आत गेलेली ती बाई मी होते. गेली सात मिनिटं मी माझ्याच येण्यावर खूश होत होते.

सव्वानऊपासून मंगळवार चालू होता. दोन तास. चाळीस घरं. दहा वाजता बघितलेली ती आंघोळ आजची नव्हती. आज बाबांनी आंघोळ केली की नाही, ते उठले की नाही, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. आणि “थांब जरा” असं ओरडले होते ती मीच.

मी तिथूनच बाबांना फोन लावला. वाजत राहिला. बाबांचा फोन नेहमी खिडकीत असतो आणि बाबा नेहमी दुसरीकडे, त्यामुळे पहिल्यांदा ते कधीच उचलत नाहीत. दुसऱ्यांदा उचलतात. मी दुसऱ्यांदा लावला. वाजून वाजून बंद पडला. काकूंना लावला. काकूंचं मशीन चालू असलं की त्यांना फोन ऐकू येत नाही. नाहीच आला.

वर सेकंद म्हणत होता, “आणि हे जे तुम्ही बघताय, ते आत्ता, या क्षणी आपल्या गावात घडतंय.”

मी उठले. खुर्ची मागे आपटली. तीन पायऱ्या चढून मी त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, “मंगळवार काढ.”

त्याने हसतमुखाने सभेकडे बघत ओठ न हलवता म्हटलं, “ताई, चार मिनिटं राहिलीत.”

“सकाळपासून चालू आहे तो. काढ.”

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्याला कळलं होतं. त्याला सगळं कळलं होतं, आणि तरी त्याची नजर एकदा मोठ्या डॉक्टरांकडे गेली. मी त्याला दोष देत नाही. माझीही गेली.

“एक सेकंद,” तो पुटपुटला.

“अरे, बाबा फोन उचलत नाहीयेत!”

हे मात्र माझ्या तोंडून मोठ्याने गेलं. माईक त्याच्या गळ्यात होता.

“काय झालंय?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

सेकंद म्हणाला, “काही नाही मॅडम, जरा तांत्रिक...” आणि वेळ मारून न्यायला त्याने हात वर केला. मी तो हात खाली केला. मला काही वेगळं सुचलंच नाही, म्हणून होतं ते सांगून टाकलं.

“डॉक्टर, हे आत्ताचं नाही. तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. डेमो चांगला दिसावा म्हणून आम्ही जुना दिवस लावतो. तो सकाळपासून काढायचा राहिला. गेले दोन तास चाळीस घरांकडे कुणाचंही लक्ष नाहीये.”

कुणीतरी मागे हसलं. त्याला हा सादरीकरणाचाच भाग वाटला असावा. सर उभे राहिले. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, बघायची हिंमत नव्हती. सेकंदने बटण दाबलं.

पडदा काळा झाला. घरं एकेक करून परत येतात, त्याला पाऊण मिनिट लागतं. एरवी आम्ही त्या पाऊण मिनिटात चहा ओततो. पहिलं घर सगळ्यात शेवटी येतं, कारण ते सगळ्यात जुन्या डब्यांवर चालतं. नव्या डब्या मी आधी दुसऱ्यांना दिल्या होत्या. हिरवा. हिरवा. हिरवा. मी चौकोन मोजत होते. हॉलमधली सगळी माणसं मोजत होती. एकोणचाळीस हिरवे झाले, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात थोडा वेळ काहीच नव्हतं.

मग तिथे लाल आलं. पहिलं घर. बाथरूम. एक तास सेहेचाळीस मिनिटं.

आणि एकदम सगळे फोन कोकलले, माझा, सेकंदचा, आणि पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपमधून तोच आवाज सगळ्या हॉलभर. सेकंद तो बंद करायला धडपडत होता.

“घर कुठे आहे?” मोठ्या डॉक्टर केव्हाच उठल्या होत्या.

“पाण्याच्या टाकीमागे.”

“माझी गाडी दारात आहे. चला.”

दाराशी पोचेपर्यंत मागून सरांचा आवाज आला, “बघत काय उभे राहिलात? बाकीच्या घरांना फोन करा! चार-चार घरं वाटून घ्या!” बाकीची घरं लाल नसली तरी आता आमच्या हिरव्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? दहा कंपन्यांची पोरं, एरवी एकमेकांना पाण्यात बघणारी, सेकंदभोवती गोळा झाली आणि तो नंबर सांगायला लागला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

गाडीत मोठ्या डॉक्टरांनी चारच प्रश्न विचारले. वय किती, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, आधी कधी पडले होते का, घराची किल्ली आहे का. मी उत्तरं दिली. मग त्यांनी पाचवा विचारला.

“चाळीस म्हणजे चाळीसही घरं?”

“हो.”

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. आमच्या गावात कुठूनही कुठेही सात मिनिटांत पोचता येतं, आम्ही हे पत्रकातही छापलंय. त्या सात मिनिटांत मी रुग्णवाहिकेला फोन केला, बाबांना तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा केला, आणि देवाला कबूल करायला काहीबाही शोधत राहिले. कंपनी घे, टेबल घे, जे आहे ते घे. माझ्याकडे द्यायला दुसरं होतंच काय?

जिन्यात काकूंच्या मशीनचा आवाज येत होता, एकसारखा, खटखटखट. माझ्या हातातून किल्ली दोनदा पडली. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी ती उचलली आणि दार उघडलं.

बाथरूमची आतली कडी आम्ही डब्या बसवताना काढून टाकली होती, तेवढं एक शहाणपण केलं होतं. दार अर्धवट उघडलं आणि अडलं. दाराला बाबांचा पाय लागत होता. डॉक्टर अंग चोरून आत शिरल्या, त्यांच्यामागून मी.

बाबा एका कुशीवर पडले होते. नळाची बारीक धार चालू होती आणि फरशी ओली होती. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल कसाबसा ओढून अंगावर घेतला होता. ओठ निळसर पडले होते. डोळे उघडे होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“आलीस?” ते म्हणाले.

मी खाली बसले, नळ बंद केला, माझी ओढणी काढून त्यांच्या अंगावर टाकली. डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला, मग हलकेच कमरेपाशी चाचपलं. बाबा कळवळले.

“खुबा मोडलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “हलवू नका. गार पडलेत, पांघरूण आणा. पण शुद्ध चांगली आहे. आजोबा, डोक्याला लागलं का?”

“नाही. डोकं आहे जागेवर,” बाबा म्हणाले. “हिचं विचारा.”

मी पलंगावरची दोन्ही पांघरुणं ओढून आणली. त्यांना गुंडाळताना माझ्या लक्षात आलं की ते अगदी भिंतीला टेकून पडलेत. काकूंच्या भिंतीला. पलीकडचं मशीन इथे इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की भिंत थरथरत होती. मी घाबरले की चिडते. हे चांगलं नाही, पण आहे.

“बाबा, भिंत का नाही वाजवलीत?” माझा आवाज चढला. “हाताशी होती तुमच्या! काकू घरात आहेत. नुसतं दोनदा वाजवायचं होतं!”

“आलं होतं मनात,” बाबा म्हणाले. त्यांना बोलताना दम लागत होता. “हात उचललाही होता एकदा. मग म्हटलं, त्यांना कशाला कामातून उठवायचं? तू बघतच असशील.”

मी पांघरुणाची कड त्यांच्या खांद्याखाली खोचली.

“पंचवीस मिनिटं म्हणाली होतीस ना. मी मोजत होतो. आकडे मोजत राहिलो की थंडी कमी वाजते. पंचवीस झाली, तू आली नाहीस. म्हटलं, आपलंच मोजणं चुकलं असेल. परत पहिल्यापासून मोजली.”

“किती वेळा?” डॉक्टरांनी विचारलं.

“चारदा.”

सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवलेला माणूस. त्यांनी चारही वेळा चूक स्वतःची धरली. मी त्यांचा पाय घट्ट धरून बसले होते, आणि मला रडू येत होतं, लाज वाटत होती, आणि ते जिवंत आहेत याचा इतका आनंद होत होता की त्याचीही लाज वाटत होती.

“रस्त्यात अडकलीस का गं?” बाबांनी विचारलं.

डॉक्टरांचा हात नाडीवर होता. त्यांनी मान वर केली नाही, पण त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या हे मला कळत होतं. ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. बाबांनीच उत्तर तयार करून माझ्या हातात दिलं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांचं सगळं जागच्या जागी राहिलं असतं: डब्या, मुलगी, पंचवीस मिनिटं.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “मी बघत नव्हते. मी तो जुना मंगळवार बघत होते.”

त्यांना डेमोचं माहीत होतं. मीच कौतुकाने सांगितलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. खाली रुग्णवाहिका येऊन थांबल्याचा आवाज आला. डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या आणि त्यांना कुठल्या मजल्यावर यायचं ते ओरडून सांगायला लागल्या.

बाबांनी पांघरुणातून हात बाहेर काढला. मला वाटलं, माझा हात हवाय, म्हणून मी पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. बोटं दुमडली आणि भिंतीवर दोनदा वाजवलं. अगदी हळू, तेवढंच बळ होतं.

पलीकडचं मशीन थांबलं.

दोन ठोके परत आले. मग खुर्ची सरकली, आणि काकूंच्या किल्ल्यांचा आवाज ऐकू आला.